बुडालेल्या कंपन्या

ऋण काढून सण करू नये, असं सगळं जग सांगतं. माझ्या वडिलांनी आकडेवारीनिशी सिद्ध केलं की करावा. ज्या कंपन्या बेधडक कर्ज काढतात त्याच पुढे जातात, हा त्यांचा शोध. त्या जोरावर ते वित्तशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि सहलेखक असलेला त्यांचा पहिला विद्यार्थी विभागप्रमुख. घरात मात्र बाबांनी फ्रिजसुद्धा कधी हप्त्यावर घेतला नाही.

निवृत्तीनंतर त्यांना स्वतःची चूक सापडली. आज चालू असलेल्या कंपन्या घेऊन त्यांनी त्यांचा मागचा काळ तपासला होता. कर्जापायी बुडालेल्या कंपन्या त्यात नव्हत्याच. "मेलेले रोगी वगळून मी औषधाचा गुण सांगत होतो," ते आईला म्हणाले. मग सांगून टाका की, असं आईचं म्हणणं.

त्यांनी दुरुस्तीचा लेख लिहिला. नियतकालिकाला दोन्ही लेखकांची संमती हवी होती. विभागप्रमुख नाही म्हणाले नाहीत. आधी परीक्षा होत्या, मग प्रवेश, मग परदेश दौरा. बाबा फोन करून "सवड झाली की बघ" म्हणत. गेले त्या आठवड्यातही त्यांनी मला विचारलं होतं, त्याचा फोन आला का.

सवड झाली ती शोकसभेला. आत जाण्याआधी विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. मी घरातल्या आठवणी सांगाव्यात, संशोधनाचं ते बघतील. मी संमतीचं विचारलं.

"अगं, गेलेल्या माणसाच्या नावाला आता कशाला धक्का लावायचा?" म्हणत त्यांनी माझा हात थोपटला.

त्या सभागृहात एरवी पाहुण्याला पहिल्याच वाक्यावर अडवणं हे विद्वत्तेचं लक्षण समजतात. त्या दिवशी कुणी कुणाला अडवलं नाही. तिघांनी बाबांच्या निमित्ताने स्वतःचे शोधनिबंध सांगून घेतले. मग माझी पाळी आली.

मी घरातलीच आठवण सांगितली. शेवटच्या वर्षी बाबा जेवणाच्या टेबलावर बुडालेल्या कंपन्यांची नावं वाचून दाखवत आणि आई हुंकार देई. मग ती नावं का, ते सांगितलं. लेख एका संमतीवाचून अडलाय, हेही सांगितलं. कुणाच्या, ते मी बोलले नाही. माना आपोआप वळल्या.

विभागप्रमुख शांतपणे उठले.

"हेच मी आज जाहीर करणार होतो. सर आणि मी दोन वर्षं यावरच काम करत होतो. पुढच्या अंकात येईल."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. इथे वाजल्या.

लेख आला. पहिलं नाव विभागप्रमुखांचं, दुसरं बाबांचं. त्यापुढे "कैलासवासी" घालायलाही ते विसरले नव्हते. मी चिडून तो आईपुढे टाकला. तिने चष्मा लावून कोष्टकावरून बोट फिरवलं.

"सगळ्या कंपन्या आल्यात?"

"आल्यात. पण आई, नाव बघ ना."

"बघितलं. राहू दे त्याचं पहिलं," ती म्हणाली. "यातही काही चुकलेलं निघालं, तर आता त्यालाच विचारतील."