पडला की केला

कंप्युटर दुरुस्त करायला माणसाने परक्यांच्या घरी जावं, बहिणीच्या घरी जाऊ नये. परक्यांच्या घरी निदान आवाज तरी चढवता येतो. बारक्या हे गेली वीस वर्षं स्वतःला बजावत आला होता आणि ताईचा फोन आला की हातातलं काम टाकून धावत आला होता. वय सत्तेचाळीस, डोक्यावर केस नावालाच, हमरस्त्यावर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान. पण या घरात तो बारक्याच.

आज फोनवर ताई रडवेली झाली होती. "अरे, मी ते अपडेट करायला घेतलं आणि कंप्युटरच गेला. चार वाजता नकाशे द्यायचेत. ये ना लवकर."

ताई इमारतींचे नकाशे काढायची. मुलं लहान असताना सुटलेलं काम अकरा वर्षांनी पुन्हा हाती आलं होतं, तेही एका शाळेच्या इमारतीचं. नऊ नकाशे तयार होते, जिन्याचा दहावा अर्धा झाला होता. आर्किटेक्ट बाईंनी सांगून ठेवलं होतं, चार म्हणजे चार. वेळेत दिले तर पुढची कामंही ताईलाच मिळणार होती. डिस्क काढून दुसऱ्या कंप्युटरला लावावी, तर नकाशांचा प्रोग्राम या एकाच मशिनवर चालायचा. म्हणजे हेच धूड उठवणं भाग होतं.

बारक्या पोचला तेव्हा साडेदहा झाले होते. कंप्युटरचा डबा चालू होत होता, आतले पंखे गरगर फिरत होते आणि पडद्यावर काळोख. ताई दारात उभी, आणि भावोजी खुर्चीत. भावोजी वीज केंद्रातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना मत असायचं आणि ते मत ऐकावं लागायचं.

"काय झालं नेमकं?" बारक्याने विचारलं.

"मदरबोर्डचं फर्मवेअर जुनं झालंय, असं दोन महिने पडद्यावर येत होतं," ताई म्हणाली. "आज हो म्हटलं. तेवढ्यात बाईंचा फोन आला म्हणून गच्चीत गेले. आले तर हे असं."

"तुम्ही इथेच होता का, भावोजी?"

"होतो की. अपडेट झालं. पडदा काळा झाला. मग बंद पडला."

"आपोआप?"

"बंद पडला," भावोजी ठामपणे म्हणाले. "हिला मी कितीदा सांगितलं, चालू गाडीची चाकं काढायला जाऊ नकोस. ऐकेल तर ना!"

ताईने मान खाली घातली. बारक्याला ते आवडलं नाही, पण बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार?

अपडेट पूर्ण झालं आणि मशीन नंतर आपोआप बंद पडलं, म्हणजे दोष वीजपुरवठ्याच्या पेटीत, असा बारक्याने हिशेब बांधला. पेटी उघडी केली, वायरी तपासल्या. भावोजी वाकून बघत होते. "ती पिवळी वायर सैल वाटते." पिवळी वायर अजिबात सैल नव्हती. तरी बारक्याने ती काढून पुन्हा बसवली, कारण त्याशिवाय भावोजी बाजूला होणार नव्हते. मग तो दुकानात जाऊन दुसरी पेटी घेऊन आला. जायला-यायला आणि बसवायला मिळून दीड तास गेला. पंखे फिरले, पडदा काळाच.

मग मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने पुसल्या, आलटून पालटून लावल्या. ग्राफिक कार्ड काढलं. बोर्डावरचा चपटा सेल बदलला. पडद्याची केबल बदलली. दर वेळी भावोजी विचारायचे, "आला का?" आणि दर वेळी बारक्या दातावर दात दाबून म्हणायचा, "नाही, भावोजी." दुपार झाली तशी त्याची पाठ भरून आली आणि डोकं तापलं. वीस वर्षं हे काम करतोय, एवढं साधं मशीन आपल्याला दाद देत नाही म्हणजे काय?

दोन वाजता ताई आत आली. डोळे सुजलेले.

"राहू दे, बारक्या. मी बाईंना फोन करून सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"माझ्याच हातून कंप्युटर बिघडला म्हटलं. काम दुसऱ्या कुणाला द्या. अकरा वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं, मी उगाच हौस धरली." आणि ती आत निघून गेली.

भावोजींनी घसा खाकरला, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग अवघडलेल्या माणसासारखे भलतंच बोलू लागले. "असं होतं कधीकधी. आमच्या केंद्रात एकदा अख्खा पुरवठा बंद पडला होता. अर्धं गाव अंधारात."

"कशामुळे?" बारक्याने फक्त विचारायचं म्हणून विचारलं. तोंडात दोन स्क्रू होते.

"आमच्या एका ऑपरेटरने चुकीचा खटका ओढला."

बारक्याने स्क्रू तोंडातून काढले. "म्हणजे बंद पडला नाही. बंद केला."

"आम्ही तसं लिहीत नाही. नोंदवहीत 'बंद पडला' एवढंच. 'केला' लिहिलं की कुणी केला तेही लिहावं लागतं. बत्तीस वर्षांत मी एकदाही 'केला' लिहिलं नाही," भावोजी म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बारक्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"भावोजी, आज सकाळी हा कंप्युटर बंद पडला की बंद केला?"

भावोजी खिडकीबाहेर बघू लागले. तिकडेच बघत म्हणाले, "ती खुर्चीत नव्हती. पडदा काळा. काम कुणी करत नाही आणि वीज चालू. मी भिंतीवरचं बटण दाबलं."

"अहो भावोजी! पडदा काळा असतानाच तर ते अपडेट चाललेलं असतं!" वीस वर्षांत पहिल्यांदा बारक्या या घरात ओरडला. "फर्मवेअर म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागं होतं ते. ते अर्धवट लिहिलं गेलंय, आता उठणार कसं? मी सकाळपासून इथे पट्ट्या पुसत बसलोय!"



त्यानंतरचं काम मात्र सरळ होतं. अशा वेळेसाठीच मदरबोर्डच्या मागे एक छोटं बटण दिलेलं असतं. फर्मवेअरची फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची, ठरलेलं नाव द्यायचं, पेनड्राइव्ह खाचेत लावायचा, बटण दाबून धरायचं. बारक्याने सगळं केलं. बटणाजवळचा दिवा लागला आणि लगेच विझला. पुन्हा केलं, पुन्हा विझला. तिसऱ्या वेळी त्याने नाव नीट पाहिलं. त्याच्या लॅपटॉपवर नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, दिसत नव्हतं म्हणून त्याने ते हाताने लिहिलं होतं, आणि आता फाईलला दोन शेपटं झाली होती. हे मात्र आपोआप झालं नव्हतं, त्याने स्वतःच केलं होतं. तो मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या देऊन मोकळा झाला आणि एक शेपूट कापलं.

दिवा लुकलुकू लागला. सात मिनिटं दोघेही हलले नाहीत. मग पडदा उजळला. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

बारक्या ताईला हाक मारणार तेवढ्यात भावोजींनी हात वर केला. टेबलावर ताईचा फोन राहिला होता. त्यांनी चष्मा लावून बाईंचा नंबर शोधला.

"मी नकाशांच्या कामाबद्दल बोलतोय. तिचा नवरा. तिने तुम्हाला सांगितलं ते खरं नाही. कंप्युटर तिने बिघडवला नाही. बंद मी केला. हो, मी. तिने सगळं बरोबर केलं होतं." मग ते बराच वेळ नुसते ऐकत होते. "नकाशे चारपर्यंत येतील," म्हणाले आणि फोन ठेवला. कपाळावर घाम आला होता.

मागे दारात ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बारक्याला वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. भावोजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते कसनुसं हसले.

ताई हसली नाही.

"बटण दाबलंत त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "नकळत झालं. पण सकाळपासून मला माझी लाज वाटत होती. तुम्ही समोर बसून बघत होता आणि मला ती वाटू देत होता."

बारक्याने आपला गुपचूप पसारा आवरायला घेतला.

"ते राहू दे," ताई म्हणाली. "आधी दोघेही बाहेर जा. माझा जिना व्हायचाय."