मागचं दार, पुढचं दार

मुलांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा. डोंगराच्या कुशीतलं, जाड मातीच्या भिंतींचं, अंगणात जर्दाळूचं एक म्हातारं झाड असलेलं. आणलंत? आता त्या घराला दोन दारं लावा. पुढचं रस्त्याकडे उघडतं, त्याला झकास निळा रंग आहे. मागचं स्वयंपाकघरात उघडतं. त्याचा रंग कधीच उडालाय आणि कडीपाशी पिठाच्या हातांचे डाग आहेत. सांगा पाहू, तुम्ही कुठल्या दाराने आत जाल?

पुढच्या म्हणालात, तर तुम्ही आमच्या ला होयिता गावचे नव्हेत. आमच्याकडे पुढच्या दाराने पाद्री येतो, विमावाला येतो, आणि घरातलं कुणी देवाघरी गेलं तर त्याची पेटी तिथून बाहेर जाते. घरची माणसं मागून येतात, परसातल्या मातीच्या भट्टीला वळसा घालून, काय शिजतंय त्याचा वास घेत.

हे त्या घरातल्या ओदिलाला कुणी शिकवलं नव्हतं. नवव्या वर्षापर्यंत तिने पुढचं दार एकदाच उघडलेलं पाहिलं होतं, आजोबा गेले तेव्हा.

ओदिलाची आजी हेनोवेवा. तिचा मुलगा लाझारो, म्हणजे ओदिलाचा मामा, खाली सांता फे शहरात एका बड्या हॉटेलात मुख्य आचारी होता. मोठमोठे लोक विमानाने येऊन त्याच्या हातचं जेवत. गावात मात्र तो गेली कित्येक वर्षं फिरकला नव्हता. नाताळला फोन करायचा, तोही घाईत. त्या उन्हाळ्यात आजीच्या वाढदिवसाला अचानक म्हणाला, "आई, माझ्याकडे जेवायला ये. रोसेंदाला आणि पोरीलाही घेऊन ये."

रोसेंदा म्हणजे ओदिलाची आई. आजीच्या हातून घेतलेला फोन तिने ठेवायच्या आत आजीने अर्ध्या गावाला ही बातमी पोचवली.

"लाझारो मला हाताला धरून सगळ्या टेबलांपाशी नेईल," निळ्या झग्याला इस्त्री करता करता आजी म्हणाली. "म्हणेल, ही माझी आई. तेवढं ऐकलं की मी मोकळी झाले."

"आणि मी गं?"

"तू माझ्या मागून चाल. पायमोजे वर ओढून."

निघताना आजीने पहाटे भाजलेल्या तोर्तिया भरतकामाच्या फडक्यात बांधून घेतल्या. रोसेंदाने कपाळाला हात लावला. "आई, हॉटेलात कुणी घरच्या पोळ्या नेतं का?"

"मी हॉटेलात कुठे चाललेय? मुलाकडे चाललेय. रिकाम्या हाताने जाऊ?"

हॉटेलच्या दारात टोपीवाला दरवान उभा होता. आजीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मागे घे गाडी," ती गाडी चालवणाऱ्या रोसेंदाला म्हणाली. कचऱ्याचे डबे, भाजीचे खोके ओलांडत ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि दार ढकलून आत शिरली.

आत वाफ, भांड्यांचा दणदणाट, आणि हातभर गोंदवलेला एक तरुण आचारी. "आजी, चुकलात तुम्ही. इथून यायचं नाही."

"चुकले कशी? वासावर आले."

भाजी चिरणाऱ्या दोघीतिघीजणी खुदकन हसल्या. तेवढ्यात पांढऱ्या कोटातला लाझारो पुढे आला. आईला पाहताच त्याचा चेहरा नासलेल्या दुधासारखा झाला. त्याने झटकन तिचा दंड धरला. आजीला वाटलं, हाच तो हात. तिने अभिमानाने मागे वळून ओदिलाकडे पाहिलं. पण मामाने तिला आल्या वाटेने बाहेर काढलं आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी नेलं.

"आई, इथे पाहुणे पुढून येतात."

"मी पाहुणी होय रे?"

"पायरी आहे, जपून," लाझारो म्हणाला.

त्याने त्यांना एका जाड खांबामागच्या टेबलाशी बसवलं. "कामं उरकून येतोच," म्हणाला आणि गेला. भिंतीवर लाल मिरच्यांची माळ होती. आजीने एक मिरची चिमटीत धरून पाहिली. "वार्निश लावलंय. बघायच्या मिरच्या दिसतायत." भर उन्हाळ्यात शेकोटी पेटवली होती, आणि तिच्या उष्म्यावर उतारा म्हणून थंड हवेचं यंत्र चालू होतं.

मग ताटं आली. परातीएवढ्या पांढऱ्या ताटात कोकराची एक बरगडी, मूठभर वाळवलेले मक्याचे दाणे आणि लाल रसाचे तीन ठिपके.

"हे काय," आजी म्हणाली, "आपल्या आधी कुणी जेवून उठलं की काय?"

ओदिला इतकी हसली की तिला ठसका लागला. आजीने रसाचा एक ठिपका बोटाने चाटला आणि डोळे मिटले. "माझाच आहे. मिरची भट्टीच्या निवत्या आचेवर ठेवायची, कच्ची नाही, जळकी नाही. विसरला नाही गं पोरगा." तिचे डोळे भरून आले. त्या दिवसातला तिचा चांगला क्षण तेवढाच.

खांबाच्या पलीकडच्या टेबलावर परगावचे पाहुणे होते, गळ्यात फिरोज्याच्या माळा घातलेले. त्यांनी आचाऱ्याला भेटायचं म्हटलं. लाझारो आला. खांबामुळे दिसत नव्हता, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हा रस माझ्या आईचा," तो सांगत होता. ओदिलाने आजीचा हात दाबला. आजी ताठ बसली, झग्याची घडी सारखी केली.

"मी बारा वर्षांचा असताना ती गेली. शेवटचा रस केला तो आमच्या मातीच्या भट्टीवर. मी शेजारी उभा होतो. तिने लिहून काहीच ठेवलं नाही. चव आठवत आठवत मी हा रस पुन्हा उभा केला. इथलं प्रत्येक ताट म्हणजे तिचं श्राद्ध आहे."

कुणीतरी नाक शिंकरलं. एक बाई गहिवरून म्हणाली, "आज ती असती तर!"

रोसेंदा ताडकन उठली. आजीने तिची बाही धरून तिला खाली बसवलं. "बस. जेव."

"अगं पण तो..."

"ऐकलं मी. म्हातारी झालेय, बहिरी नाही."

थोड्या वेळाने लाझारो एक छोटा केक घेऊन आला. वर मेणबत्ती जळत होती. त्यांचे चेहरे पाहिले आणि त्यांनी सगळं ऐकलंय हे त्याच्या लक्षात आलं.

"मेलेल्या बाईपुढे मेणबत्ती लावलीस," आजी म्हणाली. "रीत पाळलीस हो."

"आई, हळू बोल. ती नुसती गोष्ट असते गं. लोकांना जेवणाबरोबर गोष्ट लागते. नोकरी मागायला आलो तेव्हा तोंडातून निघून गेली. मालकाला आवडली. आता माघारी कशी घेऊ?"

"मला जिवंत ठेवून नसती सांगता आली?"

लाझारोने खाली पाहिलं. "जिवंत आईसाठी कुणी रडत नाही, आई."

आजी उठली. टेबलावरचं तोर्तियांचं फडकं तिने परत काखेत घेतलं. "तुझ्यासाठी आणल्या होत्या. पण मेलेल्यांच्या हातचं खाऊ नये."

मामा त्यांना पोचवायला आला. दरवानाने पुढचं दार पुरतं उघडून धरलं. आजी त्यातून बाहेर पडली, आणि ओदिलाने ती कुठल्या दारातून बाहेर पडतेय ते नीट पाहून ठेवलं.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी आजीला घेरलं. "काय गं, धरलं का हाताला लाझारोने?"

"धरलं ना," आजी म्हणाली. "थेट पुढच्या दारापर्यंत नेलं." बायका खूष झाल्या.

मिरच्या पिकून लाल झाल्या, माळा भिंतींवर चढल्या. तेव्हा पुन्हा फोन आला, या वेळी रोसेंदाला. हॉटेलवाल्यांना गोष्टीतल्या त्या भट्टीचे फोटो हवे होते. लाझारो त्यांना घेऊन येणार होता. "तेवढा वेळ आईला शेजारी कुठेतरी बसव ना," तो म्हणाला. रोसेंदा त्याला असं काही बोलली की ते मी मुलांपुढे लिहू शकत नाही.

आजीला कळायचं ते कळलंच. "येऊ दे," ती म्हणाली. "मुलगाच आहे." आणि त्या सकाळी उठून तिने कणीक मळायला घेतली. शेजारी मात्र गेली नाही.

लांबलचक काळी गाडी जर्दाळूखाली थांबली. कॅमेरे गळ्यात अडकवलेली माणसं उतरली. लाझारोने त्यांना झाडापाशी थांबायला सांगितलं आणि स्वतः एकटाच, लहानपणापासूनच्या सवयीने, भट्टीला वळसा घालून मागे आला. आजीने पिठाचे हात झग्याला पुसले आणि मागच्या दाराकडे पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ओदिलाला तेच बघवेना.

पावलं दाराशी पोचायच्या आत ओदिलाने कडी घातली. मग ती घरातून धावत पुढे गेली. आजोबांनंतर कुणी न उघडलेलं ते निळं दार दोन्ही हातांनी ओढून तिने सताड उघडलं, आणि झाडाखालच्या माणसांनाही ऐकू जाईल अशी ओरडली, "मामा, पुढून ये! पाहुणे इकडून येतात! तुम्हीपण या, साहेब! आजी आत आहे, पोळ्या लाटतेय!"