धक्क्याचे दगड

"फरशीसारखी गुळगुळीत, उभी भिंत घाल मला," काका म्हणाले. "नदी पार कुंपणाला टेकली बघ, पोरी!"

पोरीने मान डोलावली. नदीकाठ राखणाऱ्या खात्यात ती अभियंता होती. या काठाला काय लावायचं, ते आता तिच्या सहीवर होतं.

याच काकांनी पूर्वी आपला काठ वाचवायला नदीत दगडांचा लांब धक्का बांधला होता. प्रवाह वळला, समोरच्या काठावर आदळला आणि तिच्या बाबांचा नावा बांधायचा कारखाना नदीने गिळला. बाबा हात जोडून आले, तेव्हा काका हसले होते, "कुठे जायचं ते पाण्याला मी सांगू?"

आता त्या धक्क्याच्याच आड भोवरा गरगरत होता आणि काकांचा काठ पोखरत होता.

तिने काठाशी बांबू खुपसला. तो खाली जातच राहिला. पाणी भिंतीला ढकलून पाडत नाही. तिच्या पायाखालची माती हळूच काढून नेतं. काकांची गुळगुळीत भिंत एखाद्या पुरात गुडघे टेकणार, हे उघड होतं. मागतात ते देऊन टाकलं की झालं! तिने पेनाचं टोपण काढलं.

पण भिंत पडली तर काका नदीला शिव्या देतील. स्वप्नातही त्यांना बाबा आठवणार नाहीत. तेवढ्यावर तिचं मन भरेना.

"भिंत नाही," ती म्हणाली. "काठाला उतार द्यायचा, त्यावर दगड. पायथ्याशी मोठ्या दगडांचा सैल थर. खालची माती गेली तर ते खचून खड्ड्यात बसतात, काठ वाचतो."

"दगड कुठले?"

"तुमच्या धक्क्याचे. तो उपटल्याशिवाय भोवरा थांबायचा नाही."

"त्याला हात लावायचा नाही!"

"मग पाण्याला सांगा, कुठे जायचं ते."

काकांचा चेहरा पडला.

"आणि तुमचा काठ दगड उचलायच्या क्रेनचं वजन पेलणार नाही. ती समोरच्या काठावर लावावी लागेल. तिथली उरलेली जागा बाबांची आहे. तुम्हीच विचारा."

दुसऱ्या दिवशी काका बाबांच्या दारात उभे होते. "दादा," ते म्हणाले. कित्येक वर्षांनी.

बाबांनी आधी चष्मा शोधला. मग तो पुसला. काच उजेडात धरून पुन्हा पुसली. काकांना बस म्हणाले नाहीत.

"लाव क्रेन," ते अखेर म्हणाले. क्रेन आली त्या दिवशी त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून काठावर नेली. पहिला दगड चिखल गाळत वर आला, तसे लेकीला म्हणाले, "हळूहळू काढू दे गं. घाई नाही."