कबरी शेळीची प्रदक्षिणा

आमच्या लेकीला, शालूला, जुळी झाली ते साल दोन हजार तेवीस. बारशाच्या घुगऱ्या वाटून होत नाहीत तोच गावात निवांतबाबा आला, आणि दसऱ्यापर्यंत आमच्या गावात ताडकळसच्या बाजारापेक्षा जास्त गर्दी व्हायला लागली. रोज सकाळी बाबाच्या हातचा काढा घोटभर प्यायचा की गुडघे, कंबर, दाढ, सगळं दुखणं गायब.

एके दिवशी तर कहरच झाला. बाबाच्या झोपडीपुढच्या कडुलिंबाभोवती एक कबरी शेळी गोल गोल फिरायला लागली. मान एका अंगाला कललेली, डोळे अर्धे मिटलेले.

"आरं, शेळी परदक्षिणा घालायलीय!" गावातला बन्सीधर ओरडला.

बायकांनी हात जोडले. कुणी तिला कुंकू लावलं. कुणी हार पुढं केला, तो तिनं खाल्ला.

"देखो, देखो!" बाबा गरजला. "मुक्या जिवाला कळलं, माणसाला कळंना! दुखणं कुणाला? देहाला. देह कशाचा? मातीचा. मग माती कधी कण्हती का? प्या बेटा, हा काढा न्हाई, किरपा हाय किरपा!"

शेळी माझी होती. जन्मात ती कुणाच्या सांगण्यावरून सरळ चालली नव्हती, ती गोल कशी चालेल? मला तिची काळजी लागली.

त्याहून मोठी काळजी घरात होती. आमचे मालक, ग्यानबा, यांना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम चिघळली होती. आधी ते रात्रभर कण्हायचे. काढा प्याले आणि दुखणं गेलं. खरंच गेलं, खोटं कशाला लिहू? मग त्यांनी गोळ्या बंद केल्या, मलमपट्टी सोडली आणि गावभर हिंडायला लागले. अंगठा मात्र काळा पडत चालला होता.

"आवं, परभणीला जाऊ. बोटाला वास यायलाय."

"सरजे, दुखत न्हाई तर डागदर बघणार काय? तुजं तोंड?"

"माज्या तोंडाला फी पडत न्हाई. बोट दाखवा."

"काढा चुकला तर कोप हुतो. मागं बघितलंस न्हवं?"

ते मी बघितलं होतं. एक दिवस काढा चुकला तर त्यांचं नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया आल्या, हातपाय ओढले. बाबानं आधी सांगितलं होतं, अगदी तसंच झालं. म्हणून तर अख्खं गाव त्याला भ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबरीनं ग्रामपंचायतीच्या संडासाला प्रदक्षिणा सुरू केली. आत सरपंच आबासाहेब होते. त्यांनी दार उघडलं की शेळी आडवी.

"सरजाबाई, हिला आवरा! मी देव न्हाई!"

मी थेट धम्मशीलाला फोन लावला. आमच्याच गावच्या तात्यारावांची ही लेक जनावरांची डॉक्टर आहे. तिनं येऊन कबरीचे डोळे पाहिले, पोट दाबलं.

"मावशी, हिनं काहीतरी खाल्लंय. सोडा बरं, कुठं जाती बघू."

कबरी गेली ती नीट बाबाच्या झोपडीमागं. तिथं उकळलेल्या चोथ्याचा ढीग होता. त्यातलं एक बोंड धम्मशीलानं उचललं. लिंबाएवढं, डोक्यावर मुकुटासारखी चकती. फोडलं तर आत बारीक दाणे.

"हे काय, मावशी?"

"खसखस की! अनारशाला लावतो ती."

"बरोबर. खसखस खुशाल खा. पण हे तिचं बोंड, म्हणजे अफूचं. नशा या सालीत असती. बाबा हीच उकळून गुळाबरोबर पाजतो आणि चोथा इथं टाकतो. कबरीनं तो खाल्ला, तिचं डोकं फिरलं. म्हणून ती गोल फिरती."

काढ्यासाठी जमलेली माणसं एव्हाना मागं आली होती. बाबाही धावत आला.

"पापी नजर! शेळीला साक्षात्कार झालाय!"

"मग सकाळी ती संडासाभोवती फिरली. तिथं कोणता देव होता, महाराज?" धम्मशीलानं विचारलं.

"मी होतो," आबासाहेब म्हणाले, आणि असा हशा पिकला की बाबाचं पुढचं काही ऐकू येईना.

"कोप व्हईल, कोप!"

"कोपाचंच सांगते," धम्मशीला म्हणाली. "अफूची सवय लागली की एक दिवस चुकला तरी नाक गळतं, अंग मोडून येतं. देव रागवत न्हाई, शरीर अफू मागतं. बाबाला हे ठाऊक, म्हणून त्यानं आधीच सांगून ठेवलं. आता सगळ्यांनी दवाखान्यात जाऊन काय पीत होतो ते खरं सांगा. लाजू नका."

आबासाहेबांनी पोलिसांना बोलावलं. झोपडीत बोंडांची पोती निघाली.

मी धम्मशीलाचा हात धरून तिला मालकांपुढं नेलं. तिनं काडीनं अंगठा टोचला.

"काका, कळलं?"

"न्हाई. किती बरं वाटायलंय बघ."

"हेच वाईट आहे, काका. मी जनावरांची डॉक्टर, पण एवढं मलाही कळतं. आत्ताच्या आत्ता परभणी."

पोलिसांच्याच जीपमधून आम्ही गेलो. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. त्यानंतर दिलेलं दुखणं थांबवायचं औषधही अफूपासूनच बनतं, असं त्यांनी मला सांगितलं. पण ते मोजून दिलं, आणि आधी रोगावर हात घातला. झाडाचा दोष नाही. न सांगता पाजणाऱ्याचा आहे, आणि न विचारता पिणाऱ्यांचाही.

आम्ही मेंढरांमागं जन्म काढलेली माणसं. राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधलं म्हणून लांडगा माघारी जात नाही. दुखणं हे ते कुत्रं. ते भुंकतंय तर उठून बघा. आणि कुणी घोटभर काही पुढं केलं तर आधी विचारा, यात काय आहे? सांगितलं नाही, तर पिऊ नका.

पायातलं विष रक्तात गेलं होतं. आमचे मालक ग्यानबा २० नोव्हेंबर २०२३ रोजी, सोमवारी सकाळी, परभणीच्या दवाखान्यात वारले.