दरबारचा दुमडलेला गालिचा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. कोपऱ्यात पडलेली ही जाड वळकटी पाहून तुम्ही नाक मुरडाल, पण एके काळी माझ्यावर पाऊल ठेवण्याआधी भलेभले आपले तळवे पुसत. मला दोन भावांनी विणले. थोरला गाठ घट्ट मारी, धाकटा सैल, आणि दोघे दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत. त्यामुळे मी एका बाजूला जरा ओढलेलाच राहिलो. तरी महाराजांना मी आवडलो आणि थेट दरबारात आलो.

आमचे महाराज फार चालत. सकाळी देवघरातून बाहेर पडले की सिंहासनापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पुन्हा सिंहासनापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या सुरू. त्यांना दुसरे काम तरी काय होते? फौज गोऱ्या साहेबाच्या हाती, खजिन्याच्या किल्ल्या साहेबाच्या माणसाकडे. संस्थानाची वेस ओलांडायची तरी साहेबाचा परवाना हवा. महाराज नावाचे धनी होते. हातातली सत्ता गेली आणि सगळी तगमग पायांत उतरली. माझ्या मधोमध एक फिकट वाट पडली. तेव्हा मला तिचा राग यायचा.

एक मान मात्र शिल्लक होता आणि तो माझ्यावर मोजला जाई: पाहुण्यासाठी जितकी कमी पावले चालायची, तितका मान मोठा. साहेब दरबारात आला की महाराजांनी माझ्या कडेपर्यंत सामोरे जायचे, असा साहेबाच्या कचेरीचा नियम होता. मी पडलो लांबलचक, त्यामुळे महाराजांना अख्खा दरबार ओलांडावा लागे. एकदा त्यांनी फरासाला, म्हणजे आम्हाला अंथरणाऱ्या-उचलणाऱ्या माणसाला, बोलावले.

"अर्धा खाली दुमडून टाक," महाराज म्हणाले.

"सरकार, घडी पडेल त्याला."

"पडू दे. कड म्हणजे कड. नियम कुठे मोडतोय आपण?"

साहेब आला. महाराज उठले, चार पावले टाकून माझ्या नव्या कडेशी थांबले. उरलेला दरबार साहेबाला एकट्याने चालावा लागला. दरबारी मिशीतल्या मिशीत हसले. पोटात घडी रुतत होती, तरी मीही फुगलो. साहेब काहीच बोलला नाही. गप्प बसणारा माणूस विसरलेला नसतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते.

थोड्याच दिवसांत निरोप आला. शेजारच्या संस्थानात दिलेल्या ताईसाहेब अंथरुणाला खिळल्या होत्या आणि सारखी भावाची आठवण काढत होत्या. आई लवकर गेलेल्या महाराजांना याच थोरल्या बहिणीने वाढवले होते. महाराजांनी लगोलग परवाना मागितला. दिवाणजी साहेबाकडे गेले आणि हात हलवत परत आले.

"साहेब म्हणतात, आधी गालिच्याचं काय ते ठरू दे. मग प्रवासाचं बघू."

"आणि ते कधी ठरणार?"

"वरती विचारलंय म्हणतात, महाराज."

दिवाणजी रोज जात आणि रोज तेच उत्तर आणत. महाराज खुंटाला बांधलेल्या घोड्यासारखे माझ्यावर घिरट्या घालत. जेवणाचे ताट तसेच परत जाई. शेवटी एका सकाळी ते खाली वाकले आणि माझी घडी स्वतःच उलगडू लागले. फरास धावत आला.

"राहू दे. मीच दुमडायला लावला, मीच सरळ करतो."

साहेबाला बोलावणे गेले. बग्गी अंगणात येऊन थांबली, पण साहेब खाली उतरेना. उघड्या दारातून मला सगळे दिसत होते. महाराज चालत माझ्या कडेपर्यंत आले आणि थांबले. मी अजून थोडा लांब असतो तर किती बरे झाले असते, असे मला वाटले. मग ते अनवाणीच फरशीवर गेले, पायऱ्या उतरले आणि बग्गीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. परवाना साहेबाच्या खिशातच होता.

प्रवासाहून परतल्यावर महाराज सिंहासनावर बसले नाहीत. माझ्यावरच बसले. फरासाने भीत भीत विचारले, "ताईसाहेब भेटल्या ना, सरकार?"

"भेटली. पण वाचा गेली होती. आदल्या दिवसापर्यंत बोलत होती म्हणे." ते माझ्या घडीवरून हात फिरवत राहिले. "मी चार पावलं वाचवली रे. तेवढ्यात तिचं बोलणं राहून गेलं."

आता महाराज नाहीत, संस्थान नाही आणि साहेबही नाही. मला या खोलीत टाकले आहे आणि कसर मला निवांत खाते आहे. मित्रांनो, गालिचा ठेवायचा असेल तर गुंडाळून ठेवा, दुमडू नका. अधूनमधून ऊन दाखवा, दोन काठ्या मारून धूळ झटका. मी कुरकुर करणार नाही. पण आपले माणूस वाट पाहत असेल, तर कोणी किती पावले पुढे यायचे याचा हिशेब करत बसू नका. आधी निघा.