श्रेय मात्र चरबीला

मी एक जुनी पेशी आहे. आत-बाशी गावातल्या शारबुबू नावाच्या म्हातारीच्या मानेत, सगळ्यांना असते तशी, एक गाठ आहे, त्या गाठीत मी राहते. माझा जन्म...

थांबा, मित्रांनो. नाकात काहीतरी शिरलं. पहारेकरी धावले. आरडाओरडा, धक्काबुक्की, शिंका...

राख होती. चुलीतली राख! रोज हे असंच. म्हणून माझं आत्मवृत्त आजवर पुरं झालेलं नाही.

तर पुन्हा. मी एक जुनी पेशी आहे. शरीराच्या राखणदारांत काही जण दिसेल त्या परक्याला गिळतात, चौकशीबिवकशी काही नाही. माझं काम निराळं. मी आठवण ठेवते, तीही एकाच शत्रूची. गोवराची. तो पुन्हा दिसला की मी एकीच्या हजार होते, आणि त्याला चिकटून जखडणारी हत्यारं रक्तात सोडते. एरवी वाट बघते. कंटाळा कशाला म्हणतात ते मला विचारा.

शारबुबू दोन वेण्यांची पोर होती, तेव्हाची गोष्ट. मेंढ्या विण्याचे दिवस होते, सगळं घर डोंगरउतारावर तंबूत राहत होतं, आणि तिला गोवर निघाला. अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले. त्या धुमश्चक्रीत मी जन्मले. तिच्या आईनं आर्चाच्या झाडाच्या ओल्या फांद्या जाळून धूर केला आणि मेंढीच्या शेपटीची चरबी गरम चहात घालून पाजली. पोर उठून बसली. आई म्हणाली, "बघा, चरबीनं वाचवली माझी पोर!"

मित्रांनो, मी नुकती जन्मले होते, आणि तेव्हाच माझं डोकं फिरलं.

गाठीत आजूबाजूची इतकी घरं ओस का पडली आहेत, हे मात्र मला तेव्हा कळलं नाही. त्याबद्दल पुढे सांगते, कोणी सांगू दिलं तर.

या घरात बरं झालं की चरबीनं आणि बिघडलं की थंडीनं. खोकला आला, थंडी लागली. गुडघा धरला, थंड दगडावर बसली असशील. चहात दूध नासलं तरी बहुतेक त्यालाही थंडीच लागली असेल. आमचं नाव कोणी काढलेलं मी ऐकलेलं नाही.

यंदा शारबुबूचा नातू एरमेक वर्षाचा झाला. शेजारच्या कुर्मानची मुलगी गोवरानं पडली होती, म्हणून सून जिपारा घाईला आली.

"अपा, मी एरमेकला सुई टोचून आणते."

"कशाला? मला नव्हता का झाला गोवर? मेले का मी? घोडीसारखी धडधाकट आहे."

"घोडी उठताना 'आई गं' नाही म्हणत, अपा."

"जीभ बघा हिची! माझंच रक्त आहे ना त्याच्यात? मग झालं तर."

रक्त! मी गाठीत थयथयाट केला. बाई, मी तुझ्यात आहे, त्याच्यात नाही! मी वारसाहक्कानं जात नसते. पोटात असताना आईनं दिलेली हत्यारं त्याच्या अंगातून केव्हाच संपली आहेत. पण माझा आवाज गाठीबाहेर जात नाही.

थांबा. नाकात कोणीतरी...

या वेळी राख नव्हती. तोच होता.

म्हातारी धुराचं भांडं घेऊन कुर्मानच्या घरी गेली होती आणि ती तापलेली पोर तिच्या तोंडावर शिंकली होती. मी जन्मभर ज्याची वाट बघितली तो हा क्षण. मी एकीच्या हजार झाले, आमच्या हत्यारांनी तो जागच्या जागी जखडला. म्हातारीला साधी कणकणसुद्धा जाणवली नाही.

आठवड्यानं ती सुनेसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघ! आजारी पोरीच्या उशाशी बसून आले. काय झालं मला? काही नाही! एवढाएवढासा असतो गोवर. उगाच लेकराला टोचायचं."

मित्रांनो, मी माझं काम चोख केलं, आणि तेच आता त्या लेकराच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभं होतं. कामात थोडी कसूर केली असती तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं.

जिपारा काहीतरी पुटपुटली.

"या कानाशी नको बोलू," शारबुबू मान वळवत म्हणाली. "हा मेला आहे. त्या बाजूनं ये."

जिपारा त्या बाजूनं आली. "अपा, तो कान गेला कधी?"

"लहानपणीच. थंडी लागली."

"पण नेमका कधी?"

"अगं, मेंढ्या व्यायल्या होत्या, कोकरं नुकती चरायला लागली होती. गोवरातून उठले, आणि लगेच कान वाहायला..."

म्हातारीचा हात त्या कानाकडे गेला.

ती ओस घरं, मित्रांनो. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या पेशी तिथं राहत. कानातल्या जंतूला ओळखणाऱ्या, घशातल्याला ओळखणाऱ्या. गोवरानं जाताना त्यांच्यातल्या कितीतरी कापून काढल्या. पुढे कानात जंतू शिरला, तेव्हा त्याला ओळखणारं कोणी उरलंच नव्हतं. गोवर माणसाला सोडून जातो, पण आमच्या आठवणी घेऊन जातो.

हे सगळं शारबुबूला ठाऊक नव्हतं. ती फक्त आपला बहिरा कान चोळत एरमेककडे बघत राहिली. तो जमिनीवर बसून लाकडी डाव मेंढीच्या हाडावर आपटत होता, आणि प्रत्येक आवाजाला खुदकन हसत होता.

"टोपी घाल त्याला," शेवटी ती करवादली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दवाखान्यात जायचंय ना? वाटेत थंडी लागेल!"

गोवर त्या वसंतात गल्लीभर हिंडला. लेकराच्या नाकाशी तो आला की नाही, सांगता येत नाही. एरमेक खडखडीत राहिला. त्याच्या काखेतल्या गाठीत एखादी नवीकोरी पेशी बसली असेल. तिला कोणाचा कान द्यावा लागला नाही, एक सुई पुरली. आमची भेट कधी होणार नाही.

मित्रांनो, धूर खुशाल करा. टोपी घाला, चरबी चाटवा, मी अडवत नाही. पण आधी सुई. आम्हाला शत्रूची ओळख शांतपणे करून द्या, लढाईत नको.

काल म्हातारी शेजारणीला सांगत होती, "आमच्या एरमेकला काही झालं नाही. होईल कसं? सकाळ-संध्याकाळ शेपटीची चरबी..."

मी एक जुनी पेशी आहे. मला आता...

थांबा. नाकात काहीतरी शिरलं.