अंधार पडेपर्यंत

"दुपारी दोन वाजता होड्या पाण्यात पडल्या पाहिजेत," जनरल मर्टन म्हणाले आणि हातमोजे काढून त्यांनी नकाशावर टाकले.

कर्नल एव्हरेट लिंडक्विस्टने नकाशाकडे पाहिलेच नाही. नदी त्याला पाठ झाली होती. पलीकडच्या चढावर जर्मनांच्या मशीनगन बसल्या होत्या आणि सकाळी भरउजेडात त्यांनी त्याची एक अख्खी कंपनी पाण्यातच कापून काढली होती. अंधार पडल्यावर जाऊ द्या, एवढेच तो तेव्हापासून मागत होता. पण हिवाळाभर इटलीत मोहीम अडकून पडल्याने वरचे सेनापती घायकुतीला आले होते. नदी आजच ओलांडा, असा त्यांचा धोशा होता, आणि तो पोचवायला मर्टन स्वतः या पडक्या गोठ्यात आले होते.

लिंडक्विस्ट काही जातिवंत शिपाईगडी नव्हता. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका लहान गावात त्याचे खिळे-बिजागऱ्यांचे दुकान होते. दर उन्हाळ्यात गावच्या राखीव पलटणीबरोबर कवायत करता करता तो कर्नल झाला, आणि युद्ध पेटले तेव्हा सगळी पलटणच इकडे आली. सकाळी बुडालेल्यांपैकी कितीतरी जणांच्या बापांना तो नावानिशी ओळखत होता. उरलेल्यांना घरी न्यायचे, याखेरीज त्याला या युद्धात काही कमवायचे नव्हते.

"सर, दिवसाढवळ्या मी त्यांना पाठवणार नाही."

"दमलायस तू, एव्हरेट."

"दमलोय. पण म्हणून 'नाही' म्हणत नाहीये."

मर्टन वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. आवाज खाली आणून त्यांनी समजावले, की नकार दिलास तर तुला काढावे लागेल आणि मग गावात लोक काय म्हणतील याचा विचार कर. लिंडक्विस्टने तो केला होता. लढाईच्या तोंडावर काढलेला कर्नल म्हणजे भित्रा. माणसे दुकानात येतील, खिळे घेतील आणि नजर चुकवून निघून जातील.

"मग काढा मला," तो म्हणाला.

मर्टननी त्याच्या हाताखालच्या लेफ्टनंट कर्नल क्रेमरला आत बोलावले. क्रेमर त्याच गावचा, दातांचा डॉक्टर. आतापासून पलटण तुझी, दोन वाजता निघायचे, असे त्याला सांगताच त्याचा चेहरा उतरला.

"सर," लिंडक्विस्ट मध्येच बोलला, "नव्या अधिकाऱ्यानं सगळी आघाडी स्वतः फिरून पाहिल्याशिवाय हल्ला करायचा नाही, हा हुकूम तुमचाच आहे. आणि आमची आघाडी लांब आहे. फिरेपर्यंत अंधार पडेल."

मर्टन आधी लालबुंद झाले. आपलाच हुकूम आपणच मोडला आणि पुन्हा माणसे बुडाली, तर वरच्यांना काय सांगणार, हे त्यांनाही कळत होते.

"हे तू आधीच ठरवून बसला होतास."

"हो, सर."

"तुझ्या नोकरीच्या कागदावर मला 'नालायक' असंच लिहावं लागेल. दुसरं काही लिहिता येणार नाही."

"लिहा, सर."

मर्टननी नकाशावरचे हातमोजे उचलले. मग क्रेमरकडे वळून म्हणाले, "आघाडी बघून घे. अंधार पडला की निघा."

दिवस मावळताना लिंडक्विस्टला मागे नेणारी जीप अरुंद रस्त्यावर कडेला घ्यावी लागली. त्याची माणसे खांद्यांवर होड्या घेऊन ओळीने नदीकडे निघाली होती. तो आता त्यांचा कर्नल नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितले नव्हते. गावातल्या बेकरीवाल्या हॅन्सनचा थोरला मुलगा, आता सार्जंट, त्याला पाहून थबकला.

"कर्नल, जीपचं तोंड उलटीकडं झालंय. नदी तिकडं आहे."

मागचे दोघे-तिघे हसले.

"माहीत आहे," लिंडक्विस्ट म्हणाला. "आवाज न करता चला."

तो खाली उतरला आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत चिखलात उभा राहिला.